परमुलखातील तालीम

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेत छापला गेला तेव्हा पुष्कळांनी आम्हांस विचारले की, आपल्या संमेलनात बंगाली नाटकाचे काय प्रयोजन? शंका रास्त आहे. नोकरीनिमित्त आमची काही वर्षे अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात गेली. तेथे आमचा शेजार बंगाली कुटुंबांचा होता. त्या कुटुंबांनी एक हौशी नाट्यमंडळी उभी केली. ती आमच्या डोळ्यांदेखत वाढली, एकदा मोडता मोडता वाचली आणि आजही चालू आहे. त्या मंडळींच्या इच्छेस मान देऊन त्यांचे नाव येथे घेत नाही. परंतु जे आम्ही जवळून पाहिले ते आपल्यापुढे मांडावे, कारण आपल्या संस्थेचीही अनेक कुटुंबे आज मुंबई-पुण्यापासून फार दूर राहतात, आणि आपलीही भाषा पुढील पिढीच्या मुखी कशी राहावी ही चिंता आपणां सर्वांस आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगणे अवश्य आहे. बंगाली रंगभूमीचा आरंभ सांगताना ज्याचे नाव घ्यावे लागते तो मनुष्य बंगाली नव्हता. गेरासिम लेबेदेव्ह नावाचा एक रशियन वादक अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यास येऊन राहिला. गोलोकनाथ दास या गृहस्थांपाशी तो बंगाली शिकला, एका इंग्रजी प्रहसनाचे त्याने बंगालीत रूपांतर केले, नाट्यगृह उभारले, आणि २७ नोव्हेंबर १७९५ रोजी बंगाली नट व नटी यांच्याकडून त्याचा प्रयोग करविला. पुढील वर्षी दुसरा प्रयोग झाला आणि तेथेच तो उद्योग संपला. आपल्याकडे विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, त्यांच्या पाठीशी संस्थानाधिपतींचा आश्रय होता. लेबेदेव्हपाशी उत्साह होता, विद्या होती, परंतु त्याच्यामागून ते काम चालवील अशी मंडळी नव्हती. एकट्याच्या खांद्यावर उभारलेले नाटक त्या खांद्याबरोबर जाते, हे पहिल्याच प्रयत्नात दिसून आले.

मंडळी जमली ती त्यानंतर पाऊणशे वर्षांनी. कलकत्त्याच्या बागबाजार भागातील काही तरुणांनी हौसेखातर नाटके करावयास आरंभ केला. त्यांच्यातूनच नॅशनल थिएटर निघाले आणि ७ डिसेंबर १८७२ रोजी दीनबंधू मित्र यांचे 'नीलदर्पण' तिकीट लावून सर्व लोकांसाठी झाले. पुढे १८७३ साली बेंगॉल थिएटरने स्त्रीभूमिकांसाठी स्त्रियांस रंगभूमीवर आणले. विसाव्या शतकात पुन्हा हौशी लोकांनीच बंगाली नाटकास नवे वळण दिले. १९४३ च्या भीषण दुष्काळावर बिजन भट्टाचार्य यांनी लिहिलेले 'नवान्न' हे नाटक १९४४ साली भारतीय जननाट्य संघाने केले. १९४८ साली शंभू मित्र व त्यांचे सहकारी यांनी 'बहुरूपी' ही संस्था काढली, आणि त्या संस्थेने १९५४ साली रवींद्रनाथांचे 'रक्तकरबी' रंगभूमीवर आणून दाखविले. या परंपरेस बंगालीत 'ग्रुप थिएटर' म्हणतात. तीतील बहुतेक माणसे दिवसा कचेरीत, बँकेत, शाळेत काम करीत आणि संध्याकाळी तालमीस येत. नाटकावर पोट भरावयाचे नाही, पण नाटक पोटापाण्याच्या कामाइतक्याच निष्ठेने करावयाचे, असा हा रिवाज आहे.

याच रिवाजात वाढलेले एक नाव आपणांसही परिचित आहे, ते बादल सरकार यांचे. ते व्यवसायाने स्थापत्यविशारद अभियंता व नगररचनाकार होते. 'एवं इंद्रजित' हे त्यांचे नाटक १९६३ सालचे. त्यानंतर ते नोकरीनिमित्त काही वर्षे नायजेरियात होते, आणि 'बाकी इतिहास' आदी नाटके त्यांनी त्या आफ्रिकेतील वास्तव्यात लिहिली. पुढे बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर ढाक्याच्या 'नागरिक नाट्यसंप्रदाय' या संस्थेने १९७३ साली तिकीट लावून नियमित प्रयोग करावयास आरंभ केला, तो 'बाकी इतिहास' याच नाटकाने. कलकत्त्याच्या माणसाने आफ्रिकेत बसून लिहिलेले नाटक ढाक्याच्या नियमित रंगभूमीचा पाया ठरले. तेव्हा घरापासून दूर गेलेल्या माणसाने नाटकाचा नाद सोडून द्यावा, असे बंगाली परंपरेत तरी कोठे लिहिलेले नाही.

आता अमेरिकेकडे वळू. तेथील सरकारने १९६५ साली नवा कायदा करून देशवार कोट्याची जुनी पद्धत रद्द केली, आणि त्यानंतर आपल्या देशातील डॉक्टर, अभियंते, शास्त्रज्ञ तेथे मोठ्या संख्येने जाऊ लागले. बंगाली मंडळींनी १९७१ साली न्यू यॉर्कमध्ये 'कल्चरल असोसिएशन ऑफ बेंगॉल' ही संस्था काढली, आणि उत्तर अमेरिकेतील बंगाल्यांचे वार्षिक 'बंग संमेलन' १९८१ साली सुरू झाले. आपले उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळही १९८१ सालीच स्थापन झाले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. एकाच काळात, एकाच मुलखात, दोन नाटकवेड्या समाजांस एकच भूक लागली होती.

परदेशात बंगाली कुटुंबे एकत्र येतात ती दुर्गापूजेस. शाळेचे सभागृह भाड्याने घ्यावयाचे, तिथी पंचांगात कोणतीही असो, पूजा शनिवार-रविवारी करावयाची, आणि रात्री करमणूक म्हणून एखादे नाटुकले. आमच्या शेजाऱ्यांची नाट्यमंडळी जन्मास आली ती अशी. पहिली काही वर्षे त्यांनी पूजेच्या रात्री हलकीफुलकी प्रहसने केली. आम्ही ती पाहिली आहेत. पंगती लांबत, संगीताचा कार्यक्रम लांबे, नाटकाचा पडदा उघडावयास रात्रीचे दहा-साडेदहा होत. पुढच्या रांगांत मुले धावत, मागच्या रांगांत गप्पा चालत, आणि शाळेचा रखवालदार अकरा वाजता दिवे मालवण्याची सूचना देत दाराशी उभा राही. प्रेक्षक हसत, टाळ्या वाजवीत, घरी जात. दुसऱ्या दिवशी कोणाच्याही मनात त्या नाटकाचे काही उरत नसे.

पहिला मोठा निर्णय त्यांनी घेतला तो हा की, नाटक पूजेपासून वेगळे करावयाचे. त्यास स्वतःची तारीख, स्वतःचे सभागृह आणि स्वतःचे तिकीट असावयाचे. यावर बराच विरोध झाला. पूजा सोडून लोक कशाला येतील? आपल्याच माणसांकडून पैसे कसे घ्यावयाचे? परंतु मंडळींचे म्हणणे असे की, फुकट पाहिलेल्या नाटकास उशिरा आले तरी चालते आणि मध्येच उठून गेले तरी चालते. ज्या दिवशी प्रेक्षक तिकीट काढून येईल त्या दिवशी तो आमच्याकडून काही मागेल, आणि त्याने मागितल्यावाचून आम्ही सुधारणार नाही. पहिल्या स्वतंत्र प्रयोगास अर्धे सभागृह रिकामे होते. पण जे आले ते पडदा उघडण्यापूर्वी जागेवर बसले होते आणि अखेरपर्यंत बसून राहिले. मंडळींस तेवढे पुरेसे होते.

आता तालमीविषयी. मराठीत 'तालीम' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिलवान जेथे घाम गाळतो ती तालीम, आणि नट जेथे नक्कल पाठ करतो तीही तालीम. बंगालीत नाटकाच्या तालमीस 'महडा' म्हणतात, आणि लष्कराच्या कवायतीसही तोच शब्द चालतो. दोन्ही भाषांनी मिळून जे शहाणपण या शब्दांत साठविले आहे ते त्या मंडळींनी आचरणात आणले. त्यांची तालीम एका घराच्या तळघरात होई. शनिवारी दुपारी दोन वाजता आरंभ. पाच मिनिटे उशीर झाला तर सर्वांची क्षमा मागावयाची, मग तो मोठा सर्जन असो की नुकताच आलेला विद्यार्थी असो. कोणी तीस-चाळीस मैलांवरून येत. हिवाळ्यात बर्फ पडून रस्ते बंद झाले तर तालीम टेलिफोनवर होई. सर्वांनी एकाच वेळी जोडलेल्या टेलिफोनवर संवाद म्हणावयाचे, पण शनिवार चुकवावयाचा नाही.

परंतु निव्वळ शिस्तीने माणसे टिकत नाहीत. नटाच्या घरी पत्नी आहे, लहान मुले आहेत. त्याने दर शनिवारी घर सोडून जावे तर दुसऱ्या वर्षी तो येणार नाही. म्हणून त्यांनी असे ठरविले की, तालमीस नट येत नाही, कुटुंब येते. वर मुलांसाठी एक खोली ठेवलेली असे आणि पाळीपाळीने दोन मोठी माणसे त्यांच्याजवळ बसत. प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणावयाचा. कोणी खिचडी, कोणी माशाचे कालवण, कोणी नुसती मुरी आणि चहा. ज्यांस अभिनय येत नसे त्यांस दुसरे काम होते. कपडे शिवणे, दृश्यांच्या चौकटी ठोकणे, ध्वनिमुद्रण, तिकिटे, हिशेब, गाड्यांची व्यवस्था. रंगमंचावर आठ माणसे असली तर त्यांच्यामागे पंचवीस असत. कोणास नुसते प्रेक्षक म्हणून सोडावयाचे नाही, हा त्यांचा अलिखित नियम होता, आणि आम्ही परभाषी असूनही त्यातून सुटलो नाही. चौकटीस कापड ताणून खिळे मारणे आणि प्रयोगानंतर त्या उतरविणे हे आमचे काम पुष्कळ दिवस होते.

स्त्रियांविषयी येथे सांगितले पाहिजे. नोकरीवर आलेल्या पतीबरोबर ज्या स्त्रिया तेथे जातात त्यांच्यापैकी पुष्कळींस परवान्याच्या अटीमुळे वर्षानुवर्षे नोकरी करता येत नाही. उच्च शिक्षण घेतलेली, कलकत्त्यात गाणे किंवा अभिनय शिकलेली स्त्री तेथे दिवसभर चार भिंतींत बसून राहते. या मंडळीत अशा स्त्रियांस प्रथमपासून नुसत्या भूमिका नव्हे तर जबाबदारी मिळाली. चौथ्या वर्षी दिग्दर्शन एका स्त्रीकडे गेले आणि त्यानंतर बऱ्याच वेळा स्त्रियांकडेच राहिले. त्यांपैकी एका भगिनीने आम्हांस सांगितले की, येथे आल्यापासून लोक मला अमक्याची पत्नी म्हणून ओळखीत, तालमीत आल्यावर मला माझे नाव परत मिळाले. या एका वाक्यात नाटकाच्या उपयुक्ततेचे जे प्रमाण आहे ते मोठ्या ग्रंथांतही सापडणार नाही.

परमुलखात नाटक करावयाचे म्हणजे अडचणी निराळ्या. शाळेचे सभागृह तासांच्या हिशेबाने भाड्याने मिळते, म्हणून सारे दृश्य दोन तासांत उभे राहिले पाहिजे आणि एका तासात उतरले पाहिजे. सभागृह देण्यापूर्वी विम्याचे कागद मागतात. दिव्यांच्या यंत्रास शाळेच्याच माणसाने हात लावावयाचा, आणि त्याचे जादा वेळेचे वेतन मंडळींनी द्यावयाचे. आगीसंबंधीचे नियम कडक, पडद्याचे कापड आग न धरणारे हवे आणि रंगमंचावर ज्योत पेटवावयास मनाई. तुळशीपुढची पणती विजेच्या बारीक दिव्याने दाखवावी लागे. या सर्वांचा खर्च तिकिटांतून निघत नसे. स्मरणिकेतील जाहिराती, सभासदांची वर्गणी आणि प्रसंगी पदरमोड यांवर तो भागे. पण दोन नियम कधी मोडले नाहीत. कोणासही मोबदला द्यावयाचा नाही, आणि प्रयोगानंतर पंधरा दिवसांच्या आत सर्वांसमोर पै-पैचा हिशेब वाचावयाचा. हौशी संस्था पैशाच्या अभावाने क्वचितच मोडते. न वाचलेल्या हिशेबाने पुष्कळदा मोडते.

नाटकाची निवड हा तिसरा प्रश्न. आरंभी कलकत्त्यात गाजलेली जुनी नाटके, मग रवींद्रनाथ, मग बादल सरकार, असा त्यांचा क्रम झाला. पुढे अन्य भाषांतील नाटकांचे बंगाली अनुवाद आले. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे 'बहुरूपी'ने १९७१ साली बंगालीत आणले होते. आमच्या शेजाऱ्यांनीही त्याची निवड केली. हे नाटक तर हौशी नाटकमंडळीसंबंधीचेच आहे. प्रयोगाच्या गावी जमलेली मंडळी वेळ घालविण्यासाठी खोटा खटला खेळतात आणि आपल्यातल्याच एका स्त्रीस त्यात घेरून टाकतात. तालमीच्या काळात त्या बंगाली घरांत आम्हांस मराठी कुटुंबांच्या रीतिभातींविषयी नित्य विचारणा होई. ते नाटक करताना मंडळी स्वतःकडेही पाहू लागली. 'आपणही थट्टेच्या नावाखाली कोणास टोचून बोलतो काय?' असा प्रश्न एका सायंकाळी निघाला आणि त्या दिवशी तालीम झाली नाही, नुसते बोलणे झाले. दिग्दर्शिकेने ती संध्याकाळ वाया गेली असे मानले नाही. त्यानंतर न्यू जर्सीतच राहणारे नाटककार सुदीप्त भौमिक यांच्यासारख्यांनी प्रवासी बंगाल्यांच्या जीवनावर जी नाटके लिहिली तिकडे मंडळींचे लक्ष गेले. ज्या घरात आपण राहतो त्या घराचे नाटक आपणच लिहिले पाहिजे, कलकत्त्याहून ते येणार नाही, हे त्यांस पटले.

आता ज्या प्रसंगाने ती मंडळी मोडता मोडता वाचली तो सांगतो. पंधरा-सोळा वर्षे झाली. संस्थापकांचे केस पांढरे झाले, दोघे निवृत्त होऊन दूर उष्ण प्रदेशात राहावयास गेले. तरुण भूमिकांसाठी माणसे मिळेनात. घरातील मुले तेथेच जन्मलेली. ती बंगाली समजत, घरात थोडी बोलत, पण वाचता येत नसे. त्याच सुमारास जवळच्या गावांत बांगलादेशातून आलेली बरीच कुटुंबे राहावयास आली होती आणि त्यांतील काहींस नाटकाची हौस होती. वार्षिक सभेत दोन प्रश्न एकदम उभे राहिले. ज्यांस लिपी येत नाही अशा मुलांस मोठ्या भूमिका द्याव्यात काय? आणि ज्यांची बोली कलकत्त्याची नाही, ज्यांचा धर्म निराळा, अशांस मंडळीत घ्यावे काय?

सभा फार वेळ चालली. विरोध करणारे वाईट लोक नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, रोमन लिपीत लिहून घेतलेले बंगाली हे बंगाली नव्हे. एकदा ती वाट मोकळी केली की कोणी अक्षरे शिकणार नाही. तसेच आपण इतकी वर्षे शुद्ध उच्चारांसाठी कष्ट केले ते पाण्यात जातील. यावर एका वयोवृद्ध भगिनीने उत्तर दिले. त्या मूळच्या पूर्व बंगालच्या, फाळणीत सर्वस्व टाकून कलकत्त्यास आलेल्या. त्या म्हणाल्या, "कलकत्त्यास आलो तेव्हा आमच्या बोलण्यासही लोक हसत. मी बारा वर्षांची होते. शाळेत तोंड उघडीत नसे. तुम्ही आता कोणाचे तोंड बंद करणार आहा?" सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मते घेतली गेली आणि थोड्या मताधिक्याने दोन्ही दारे उघडली.

दारे उघडल्यावरचे कामच खरे कठीण होते. रोमन अक्षरांत 'त' आणि 'ट' एकच दिसतात, म्हणून त्यांनी दंत्य वर्णांस लहान अक्षर व मूर्धन्य वर्णांस मोठे अक्षर अशी खूण ठरविली. त्याच वृद्ध भगिनीने संपूर्ण नाटक स्वतःच्या आवाजात मुद्रित करून दिले. मुले ते शाळेच्या वाटेवर मोटारीत ऐकत. पडद्याआडून संवाद सांगणारा मनुष्य मंडळींनी पूर्वीच काढून टाकला होता, कारण तो असला की कोणी पाठ करीत नाही. ती सवलत मुलांसही मिळाली नाही. बोलीचा प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. पश्चिम बंगालची हिंदू घरे 'जल' म्हणतात, बांगलादेशातील मुसलमान घरे 'पानी' म्हणतात. पहिल्याच तालमीत या एका शब्दावर खटका उडाला. दिग्दर्शिकेने निर्णय दिला की, पात्र ज्या घरचे असेल त्या घरचा शब्द ते बोलेल, आणि दुसऱ्याने तो दुरुस्त करावयाचा नाही. तेव्हापासून त्यांच्या नाटकांत दोन्ही बोली नांदतात, आणि प्रेक्षकांतही दोन्हीकडची माणसे बसतात.

या निर्णयाचे फळ काय झाले? सर्व मुले बंगाली वाचावयास शिकली असे नाही. तसे सांगणे सत्यास धरून होणार नाही. काही एका नाटकानंतर पुन्हा फिरकली नाहीत. पण जी राहिली त्यांपैकी तिघांनी स्वतः होऊन अक्षरे शिकण्याचा हट्ट धरला, कारण दिग्दर्शिका संहितेत जो बदल हाताने लिहून देई तो त्यांस वाचता येत नसे आणि प्रत्येक वेळी दुसऱ्यास विचारावे लागे. रविवारच्या भाषावर्गात वर्षानुवर्षे जे झाले नाही ते एका रंगीत तालमीच्या निकडीने झाले. भाषेचे प्रेम उपदेशाने उत्पन्न होत नाही. तिच्यावाचून आपले काम अडते असा अनुभव मुलास आला म्हणजे ते आपोआप उत्पन्न होते.

बंधुभगिनींनो, एवंच आमचे म्हणणे थोडक्यात इतकेच आहे. परमुलखातील समाज नाटकाच्या रात्रीने जोडला जात नाही. तो तालमीच्या शनिवारांनी जोडला जातो. प्रयोग दोन तासांचा, तालीम सहा महिन्यांची. त्या सहा महिन्यांत सासू सुनेची वेशभूषा शिवते, मुलगा बापाचा संवाद ऐकून घेतो, नवीन आलेल्यास गाडीत जागा मिळते, आजारी पडलेल्याच्या घरी डबा जातो. टाळ्या वाजल्या नाहीत तरी एवढे पदरात पडलेले असते.

आपल्या संस्थेच्या संमेलनातही पूर्वी तीन अंकी नाटके होत असत, असे वडीलधारी मंडळी सांगतात. आज त्यांच्या जागी पंधरा मिनिटांची प्रहसने आणि ध्वनिमुद्रित गाण्यांवरील नृत्ये आहेत. त्यांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु कार्यकारी मंडळास आमची नम्र सूचना अशी की, एक नाट्यशाखा काढावी. तिचा प्रयोग संमेलनाच्या दिवशी ठेवू नये, निराळ्या दिवशी तिकीट लावून ठेवावा. तालमीत कुटुंबांची सोय करावी. ज्या मुलांस देवनागरी वाचता येत नाही त्यांस प्रथम संवाद द्यावेत, अक्षरे मागाहून येतील. हिशेब पंधरा दिवसांत वाचावा. आणखी एक. भूमिकेस योग्य माणूस आपल्या ज्ञातीत मिळाला नाही तर शेजारच्या घरातून आणावा. त्या बंगाली मंडळीने आमच्या हाती हातोडी दिली तेव्हा आमची जात विचारली नव्हती, आणि आम्ही मारलेल्या खिळ्यांवर त्यांची चौकट भक्कम उभी राहिली.

 नाट्यशाखेचा प्रस्ताव पुढील सर्वसाधारण सभेपुढे येईल अशी आशा आहे, आणि तो आला तर चौकटी ठोकण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करू.